‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ का?

‘वॉक’चं ‘वॉक्ड’ होतं, मग ‘गो’चं ‘गोएड’ का नाही, असा इंग्रजीची टर उडवणारा मेसेज अधूनमधून फिरत येतो. शेपटीला हमखास असतं, की संस्कृत मात्र निरपवाद, म्हणून संगणकाला सर्वांत योग्य! निरपवाद? ‘अस्’ म्हणजे असणे, पण त्याचा भविष्यकाळ ‘भू’ या दुसऱ्याच धातूवरून ‘भविष्यति’ होतो आणि त्यासाठी पाणिनीला ‘अस्तेर्भूः’ असं वेगळं सूत्र रचावं लागलं. आपलंही ‘जातो’ आणि ‘गेला’ वेगवेगळ्या धातूंतून आलंय.

‘वेंट’ मुळात ‘गो’चं नव्हेच. ते ‘वेंड’ म्हणजे वळणे या क्रियापदाचं. ‘गो’चा जुना भूतकाळ ‘एओदे’ होता, तोही दुसऱ्याच धातूचा. पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘वेंट’नं त्याची जागा बळकावली. स्कॉटलंडात मात्र ‘गेड’ रूढ झालं, म्हणजे जवळजवळ ‘गोएड’च.

पण खरी गंमत पुढे आहे. असलं वेडंवाकडं रूप टिकतं कसं? बोलताना मेंदू भूतकाळाचं रूप आधी आठवणीत शोधतो. सापडलं तर ठीक, नाहीतर ‘-एड’ लावून मोकळा होतो. ‘वेंट’ दिवसातून दहादा कानावर पडतं, त्यामुळे ते लगेच सापडतं. क्वचित ऐकलेलं रूप वेळेवर आठवत नाही आणि नियम आत घुसतो. ‘हेल्प’चं जुनं ‘होल्प’ असंच मागे पडून ‘हेल्प्ड’ झालं. लहान मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतं तेही यामुळेच. नियम कळलेला असतो, आठवण अजून कच्ची असते.

2007 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात संशोधक एरेझ लिबरमन आणि सहकाऱ्यांनी याचं गणितच मांडलं. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली 145 अनियमित उरली, आज 98. ही घट किरणोत्सारी अणूंसारखी मोजता येते: साधारण सारख्याच वेळा वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांच्या प्रत्येक गटाला अर्धायुष्य, म्हणजे त्यातली निम्मी नियमित व्हायला लागणारा काळ, असतं आणि ते वापराच्या वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. म्हणजे शंभरपट कमी वापरलेलं क्रियापद दहापट लवकर नियमित होतं, शंभरपट नव्हे. ‘गो’, ‘सी’, ‘टेक’ यांच्या गटाचं अर्धायुष्य निघालं सुमारे 14,400 वर्षं.

पुढचा नंबर त्यांच्या मते ‘वेड’चा, म्हणजे लग्न करणे या अर्थाच्या क्रियापदाचा. त्याचं ‘वेडेड’ आजच सर्रास लिहिलं जातं.