एक दिवस धावला नाहीत तर?

फ्रेडरिक बेकलँड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाला व्यायाम आणि झोप यांचं नातं तपासायचं होतं. नियमित व्यायाम करणाऱ्यांनी महिनाभर तो बंद ठेवायचा आणि त्या काळात त्यांची झोप कशी बदलते हे पाहायचं, एवढाच प्रयोग. भाग घेणाऱ्यांना पैसेही मिळणार होते. पण आठवड्यातले पाच-सहा दिवस व्यायाम करणारे काही केल्या तयार होईनात. जास्त पैसे देऊ केले तरी नाही. शेवटी आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवरच काम भागवावं लागलं. त्यांचीही त्या महिन्यात झोप बिघडली, अस्वस्थता वाढली. १९७० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मला मात्र त्यातल्या निष्कर्षांपेक्षा आधीचा नकारच जास्त बोलका वाटतो. व्यायामाच्या व्यसनाची सगळ्यात खरी खूण त्या नकारात आहे.

आपण सहसा उलटीकडून मोजतो. कोण किती किलोमीटर धावतो, किती वाजता उठतो, यावरून ‘याचं जरा अतीच झालंय’ असं ठरवतो. ते बरोबर नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पहाटे आणि संध्याकाळी मैदानावर घाम गाळतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर ठरलेल्या वेळेत मारायचे असतात. त्यांचा व्यायाम भरपूर असतो, पण पाऊस लागला आणि मैदानात चिखल झाला, की ती निवांत झोपतात. भरती झाली की सरावही कमी होतो. त्यांच्या व्यायामाला कारण आहे आणि शेवटही आहे. उलट रोज तासभरच चालणारा एखादा माणूस, लग्नाच्या गडबडीत तो तास हुकला म्हणून दिवसभर घरच्यांवर खेकसत असेल, तर लक्ष त्याच्याकडे द्यायला हवं.

आमच्या टेकडीवर धावणाऱ्या गटातल्या एकाची नडगी दुखायला लागली. तपासणीत हाडाला बारीक तडा निघाला. सहा आठवडे धावणं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो टेकडीवर यायचा थांबला आणि आम्हाला वाटलं, ऐकलं बाबानं. पुढे कळलं, की चौथ्याच दिवसापासून तो वेगळ्या रस्त्यानं, अंधारात, आमच्या कुणाच्या नजरेस पडू नये अशा वेळी धावत होता. दुखणं अंगावर काढून धावणारे बरेच असतात. पण लपून धावणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती आम्हाला वेळीच दिसली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

अशा वागण्याची चाचपणी करण्यासाठी २००४ साली ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी सहा विधानांची एक छोटी प्रश्नावली तयार केली. व्यायाम ही माझ्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे का? त्यावरून घरात खटके उडतात का? मनःस्थिती बदलायला मी व्यायामाचा आधार घेतो का? त्याचं प्रमाण वाढतच चाललंय का? एखादा दिवस चुकला तर चिडचिड होते का? कमी करायचं ठरवलं, तरी पुन्हा पहिल्याइतकाच होतो का? प्रत्येकाला १ ते ५ गुण. ३० पैकी २४ किंवा जास्त आले, तर धोका आहे असं मानतात. हे निदान नव्हे. खेळाडूचे गुण नुसत्या खेळावरच्या प्रेमानंही वाढू शकतात. माझ्या मते घरातले खटके आणि चुकलेल्या दिवसाची चिडचिड ही दोन उत्तरं सर्वाधिक मोलाची.

खऱ्या अर्थानं व्यसन जडलेले लोक थोडे असतात. हंगेरीत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सर्वसाधारण लोकांमध्ये धोक्याच्या गटातलं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. नियमित व्यायाम करणाऱ्यांत ते २ ते ३ टक्क्यांच्या घरात होतं. तेव्हा रोज सिंहगड चढणाऱ्या काकांना लगेच व्यसनी ठरवू नये.

शरीरात काय घडतं? धावल्यावर येणाऱ्या तरतरीचं श्रेय वर्षानुवर्षं एंडॉर्फिनला दिलं गेलं. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. २०२१ साली जर्मनीतल्या संशोधकांनी धावपटूंना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध दिलं, तरी धावल्यावरचा आनंद टिकून होता. आता संशय आहे तो शरीर स्वतःच बनवत असलेल्या, गांजातल्या द्रव्याशी साधर्म्य असलेल्या रेणूंवर. त्यातला एक १९९२ साली जेरुसलेममधल्या प्रयोगशाळेत सापडला आणि त्याला नाव मिळालं ‘आनंदमाइड’. होय, आपल्याच ‘आनंद’वरून. तरीही एंडॉर्फिनला पूर्ण बाद करता येत नाही. चाकावर भरपूर धावलेल्या उंदरांना अफूचा परिणाम उलटवणारं औषध टोचलं, तेव्हा त्यांच्यात अफू तोडल्यावर दिसतात तशी लक्षणं दिसली. एक तर्क असाही आहे, की सरावानं शरीर इतकं शांत होतं, की नुसतं बसलं तर सुस्त वाटतं आणि ‘नॉर्मल’ वाटायलाही धावावं लागतं.

सगळ्यात काळजीचा प्रकार वेगळा आहे. त्यात व्यायाम हे मूळ दुखणं नसतं, खाण्याच्या विकाराचं हत्यार असतं. १९६७ सालच्या एका प्रयोगात उंदरांना दिवसातून तासभरच खायला मिळे. ज्यांच्या पिंजऱ्यात चाक नव्हतं, ते तेवढ्यात निभावून नेत. ज्यांच्याकडे चाक होतं, ते जास्त जास्त धावत गेले, कमी कमी खात गेले आणि शेवटी मेले. माणूस उंदीर नाही, पण कमी खाणं आणि जास्त हालचाल ही दोन्ही एकमेकांना कशी ओढतात, हे त्या चाकावर स्पष्ट दिसलं. ‘काल पुरणपोळी खाल्ली, आज दहा किलोमीटर जादा’ हे वाक्य आपण हसून सोडून देतो. रोज तोच हिशेब चालू असेल, तर सोडू नये. खर्चाच्या मानानं खाणं अपुरं पडलं, की शरीर आधी तातडीचं नसलेलं काम बंद करतं: मुलींची पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, सर्दी-ताप पाठ सोडत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं, आणि ती पुरुषांनाही होते हे आवर्जून सांगितलं. धावणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर ‘जास्त सराव चाललाय म्हणून’ एवढ्यावर गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

हे व्यसन लवकर ओळखू येत नाही, कारण त्याचं कौतुक होतं. दारू पिणाऱ्याला घरचे अडवतात. जखमी पायानं शर्यत पुरी करणाऱ्याच्या गळ्यात मेडल पडतं आणि फोटोखाली ‘काय जिद्द!’ असं लिहिलं जातं. मीही लिहिलंय तसं. वैद्यकाच्या पुस्तकातही त्याला अजून स्वतंत्र जागा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत वर्तनाच्या व्यसनांमध्ये जुगार आणि गेमिंग आहेत, व्यायाम नाही. पण म्हणून मदत मिळत नाही असं नाही. मानसशास्त्रज्ञाकडे जाता येतं. सुरुवात म्हणून सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेशी १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. उपचारात व्यायाम कायमचा सोडायला लावत नाहीत. ‘आज नाही केला तर सगळं गेलं’ हा विचार पकडायला शिकवतात, आणि सुट्टीचा दिवस आधीच ठरवून ती अस्वस्थता थोडी थोडी सोसायला लावतात.

आमच्या त्या मित्रानं बुधवार सुट्टीचा ठरवला. पहिल्या बुधवारी तो घरातल्या घरातच येरझाऱ्या घालत राहिला; रात्री घड्याळात अकरा हजार पावलं भरली होती. पुढच्या बुधवारी समुपदेशकानं त्याला घड्याळही काढून कपाटात ठेवायला सांगितलं.