रक्तात उरतं किती?

मूत्रपिंड बदललेल्या माणसाचा दिवस घड्याळाला बांधलेला असतो. शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये, म्हणजे रिजेक्शन होऊ नये, म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची कॅप्सूल सकाळी, आणि १२ तासांनी पुन्हा रात्री. तपासणीच्या दिवशी मात्र सकाळची कॅप्सूल घ्यायच्या आधी रक्त द्यायचं. रात्रीच्या डोसमधलं किती औषध अजून शिल्लक आहे, ते डॉक्टरांना बघायचं असतं. पातळी घसरली की शरीराची फौज त्या परक्या अवयवावर तुटून पडते. वाढली तर हात थरथरतात, आणि ज्या मूत्रपिंडासाठी हा खटाटोप, त्यालाच इजा होते.

अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांना बसवलेलं मूत्रपिंड गोऱ्या रुग्णांच्या मानाने लवकर निकामी होत आलं आहे. गोळ्या वेळेवर घेत नसतील, असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण वेळेवर घेतलेली गोळीही रक्तात पुरेशी उतरेलच असं नाही. आतड्यात आणि यकृतात सीवायपी३ए५ नावाचं एक विकर (एन्झाइम) टॅक्रोलिमसचा फडशा पाडत असतं. बहुतेक गोऱ्या माणसांत ते जवळजवळ तयारच होत नाही. बहुसंख्य कृष्णवर्णीय अमेरिकनांत ते जोमाने काम करतं. अशा रुग्णाला तीच पातळी गाठायला दीड ते दोन पट डोस लागतो. वजनाचा हिशेब करून सगळ्यांना सारखाच डोस सुरू केला, तर रिजेक्शनची भीती सर्वांत जास्त असते त्या सुरुवातीच्या दिवसांतच यांचं रक्त औषधाला पारखं राहतं. म्हणून रंग बघून डोस वाढवावा का? मुळीच नाही. हे विकर नसलेले कृष्णवर्णीय आहेत आणि असलेले गोरेही आहेत. हे विकर तयार होणार की नाही, ते ठरवणारं जनुक तपासता येतं, तर ते तपासावं.

जनुकाने सगळा उलगडा मात्र होत नाही. ६५ वर्षांखालच्या, अपंगत्व नसलेल्या रुग्णाच्या या औषधांचा खर्च मेडिकेअर ही सरकारी योजना प्रत्यारोपणानंतर ३६ महिनेच उचलायची. औषध तर मूत्रपिंड चालू असेपर्यंत घ्यायचं! पैशाअभावी ते सुटलं आणि मूत्रपिंड गेलं, की डायलिसिसचा कितीतरी मोठा खर्च पुन्हा तीच योजना करणार. खासगी विमा नसलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण जास्त, त्यामुळे ही कुऱ्हाड त्यांच्यावर अधिक पडली. दुसरा विमा नसलेल्यांना १ जानेवारी २०२३पासून ३६ महिन्यांनंतरही औषधांचं संरक्षण मिळू लागलं. त्याचा हप्ता मात्र दरमहा भरावा लागतो.