वजन आणि पुरुषाची प्रजननक्षमता

पुरुषाच्या शरीरातील चरबीचे प्रमाण आणि त्याची मूल होण्याची क्षमता यांतील संबंध. खानदेशात लग्नानंतर वर्षभरात पोट सुटले की ‘पोऱ्यानं तब्येत धरली’ असे कौतुकाने म्हणतात. पाळणा हलला नाही तर मात्र विचारणा सुनेकडे होते. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणासोबत आढळते.

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. तिच्यातील अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचे रूपांतर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमध्ये करते. वाढलेले इस्ट्रोजेन मेंदूतील पियूषिका ग्रंथीला आवर घालते. तिच्याकडून वृषणांना जाणारे संदेश मंदावतात आणि टेस्टोस्टेरॉन आणखी घटते. दुसरे कारण उष्णतेचे. शुक्राणू नीट तयार व्हायला वृषणांचे तापमान शरीरापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी लागते. ओटीपोट व मांड्यांची चरबी ही सोय बिघडवते, तासन्‌तास ट्रॅक्टरच्या किंवा ट्रकच्या सीटवर बसल्याने भर पडते. (जळगाव-भुसावळचा मे महिन्यातला ४५ अंशांचा पारा इथे आठवतोच; पण हवेच्या उष्म्यापेक्षा बैठक आणि घट्ट कपडे टाळणे माणसाच्या हातात असते.) मधुमेह व घोरण्याचा विकार हे स्थूलतेचे सोबतीही यात हात घालतात.

भारतीयांसाठी बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. म्हणजे १७० सेंटिमीटर उंचीचा, ७३ किलोचा माणूस, ज्याला गावात कोणी जाड म्हणणार नाही, तो स्थूल ठरतो. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी यांना दोष देण्यात अर्थ नाही. ढाब्यावर शेवभाजीवर तरंगणारी बोटभर तर्री रोजची झाली आणि शेतावर पायी जाणे सुटले, की हिशेब बदलतो.

उलट टोकही आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा, धडगाव या सातपुड्यातील तालुक्यांत प्रश्न कुपोषणाचा आहे. बीएमआय १८.५ च्या खाली असलेल्या पुरुषांतही शुक्राणूंची संख्या कमी आढळते. उपासमारीत शरीर प्रजननाचा खर्च आधी कापते.

तरी वजनावरून निदान होत नाही. अनेक वजनदार पुरुषांना सहज मुले होतात, आणि सडपातळ माणसाला वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरांमुळे अडचण येऊ शकते. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा झाली नाही, तर दोघांची तपासणी करतात. २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर घेतलेल्या वीर्याच्या नमुन्यात मिलिलिटरला १६ दशलक्ष शुक्राणू ही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतील किमान संदर्भपातळी आहे. त्याखालच्या पुरुषाला मूल होणारच नाही, असा तिचा अर्थ नाही.

वजन उतरल्यावर टेस्टोस्टेरॉन बहुधा वाढते. शुक्राणूंबाबतचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे महिनाभर भाकरी कमी करून पुन्हा तपासणी करण्यात हशील नसते. जिममध्ये ताकदीसाठी मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर उलटेच काम करतात: बाहेरून हार्मोन आले की पियूषिका गप्प बसते आणि शुक्राणूंची निर्मिती थांबू शकते. इंजेक्शने सोडल्यावर ती पूर्ववत व्हायला काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ जातो.