छत्तीसचा आकडा आणि सतरा वर्षांचं पोरगं

दिवाळी झाली की बीडकडून दरवर्षी तीच बातमी येते. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, ट्रॅक्टरमागं बिऱ्हाड बसलं, शाळेतले वर्ग निम्मे झाले, हंगामी वसतिगृहं कुठं सुरू झाली कुठं नाही. मग पुढच्या दिवाळीपर्यंत सामसूम. मधल्या काळात काय होतं तर पोराचं दुसरं सत्र उसाच्या फडात जातं, पाडव्याच्या आसपास परत येईपर्यंत वर्ग बराच पुढं गेलेला असतो, असं दोन-तीन हंगाम झाले की पोरगं शाळेला कंटाळतं आणि शाळा पोराला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयापुरता, त्यामुळं पंधरावं लागलं की तो मुलगा कायद्याच्या हिशोबातूनच गळतो.

असाच एक सतरा वर्षांचा पोरगा गेल्या उन्हाळ्यात संध्याकाळी माझ्याकडं यायचा. जोडप्याला एक कोयता म्हणतात आणि एकट्याला अर्धा, हा सोळाव्या वर्षीच अर्धा कोयता झालेला. चौथीत शाळा सुटली, नाव कसंबसं लिहितो. त्याला हार्वेस्टर चालवायचाय, कारण फडात ती मशीन आली तेव्हापासून त्याला कळलंय की कोयत्याचे दिवस भरत आलेत. ओळखीचे एक मास्तर म्हणाले, "अहो सोडा, मेंदू एकदा पक्का झाला की अक्षर लागत नाही." मी तेव्हा काही बोललो नाही, पण डोक्यात किडा वळवळत राहिला.

कारण पोरगा ३ च्या जागी ६ लिहायचा आणि ६ च्या जागी ३. मलाही आधी वाटलं, मास्तर बरोबर असतील.

आता यातली गंमत बघा. वाघ डावीकडून दिसला काय आणि उजवीकडून दिसला काय, वाघच असतो, पळायचंच असतं. म्हणून आपला मेंदू वस्तू आणि तिचं आरशातलं रूप एकच धरतो. माकडांच्या मेंदूतही ही सोय सापडते, म्हणजे ती किती जुनी असेल. त्यामानाने लिपी कालची, पाचेक हजार वर्षांची, एवढ्यात मेंदूत वाचनासाठी वेगळा कोपरा तयार होणं शक्यच नाही. मग वाचायला शिकताना मेंदू जुन्या खोलीतच नवा संसार मांडतो. डाव्या बाजूला, खाली, थोडं मागं, कानाच्या मागल्या अंगाला एक पट्टा आहे जो चेहरे, वस्तू, आकार ओळखायचं काम करतो, त्यातला एक तुकडा अक्षरांच्या कामाला लागतो. पण जागेबरोबर तिथली जुनी सवयही येते, आरशातलं रूप एकच धरायची. ती मोडावी लागते. म्हणून जगभर लहान मुलं सुरुवातीला अक्षरं उलटी काढतात, आणि निरक्षर मोठ्या माणसांना आकृती आणि तिचं आरशातलं रूप वेगळं आहे हे पटकन सांगता येत नाही. आपल्याकडं ३ आणि ६ म्हणजे तर जवळजवळ एकमेकांचं आरशातलं रूपच, पाठीला पाठ लावून उभे केले की छत्तीसचा आकडा. पोरगा ढ नव्हता, त्याच्या मेंदूतली वाघ ओळखायची सोय शाबूत होती एवढंच.

बरं, ही सवय सतराव्या वर्षी मोडते का? २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या प्रौढांचे मेंदू अक्षरं आणि चित्रं दाखवून स्कॅन केले, एकूण माणसं ६३ (योगायोग बघा), काही निरक्षर, काही लहानपणी शिकलेली आणि २२ जण मोठेपणी वाचायला शिकलेले. या २२ जणांतही तोच डावा तुकडा अक्षरांना प्रतिसाद देत होता. कमी-जास्त होता तो वाचनाच्या वेगाप्रमाणे, आणि वेग येतो सरावाने, जो फडावरून आलेल्या माणसाकडं नसतो.

पुढचं जरा किचकट आहे पण मला फार आवडतं म्हणून सांगतोच. लखनौजवळच्या खेड्यांत निरक्षर लोकांना, बहुतेक तिशीतल्या बायका, सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं, म्हणजे आपलीच देवनागरी. हा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. बदल मेंदूच्या वरच्या सालीत सापडेल असं वाटत होतं, सापडला तो पार खोल. थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या मधोमध असलेल्या एका गाठीत, पल्विनार नावाचा भाग असतो जो डोळ्यांकडून येणाऱ्या गर्दीतलं कशाकडं लक्ष द्यायचं हे ठरवतो, आणि मध्यमेंदूत सुपीरियर कॉलिक्युलस नावाचे दोन उंचवटे असतात जे नजर उचलून नेमक्या जागी नेतात. या दोन्हींच्या हालचालींची लय मेंदूच्या मागच्या भागातल्या दृष्टिकेंद्राच्या लयीशी जास्त जुळायला लागली, आणि जिची लय जास्त जुळली तिचं वाचन जास्त चांगलं. ढोलपथकात ताशा आणि ढोल एका ठेक्यावर येतात तसं काहीसं, पण उपमा फार ताणू नका.

मध्यमेंदूवरून आठवलं. 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन' नावाचा एक धंदा आपल्याकडं जोरात होता, डोळ्यांवर पट्टी बांधून पोरं वाचतात म्हणे, फी हजारांत. पोरं नाकाच्या बाजूच्या फटीतून बघतात, अंधश्रद्धा निर्मूलन समितीवाल्यांनी हे कितीदा उघडं पाडलंय. आणि इकडं खरोखरचा मध्यमेंदू बदलला कुणाचा, तर सहा महिने बाराखडी गिरवणाऱ्या खेड्यातल्या बायकांचा.

सगळंच कधीही शिकता येतं असं मात्र नाही हं. परक्या भाषेतले उच्चार हुबेहूब पकडायचं वय लहानपणीच संपत जातं, तिरळ्या डोळ्याचे उपचारही लवकर झालेले बरे. वाचनाला तसं दार बंद होत नाही. मुरबाडजवळ फांगण्याला २०१६ मध्ये आजीबाईंची शाळा निघाली, साठी उलटलेल्या बायका पाटी घेऊन बसल्या, त्यांच्यापुढं आमचा गडी अगदीच कोवळा.

त्याला अडवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. मालवाहू गाडीच्या लायसनला आठवी पासची अट होती ती २०१९ ला निघाली, पण नियम आणि खुणा वाचाव्या लागतातच. शाळा सुटली तरी बाहेरून शिकता येतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि दिवाळी आली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घरात आलेली असते, मग पाटी राहते इथं आणि पोरगा जातो तिकडं.

हात सरळ व्हायला साधारण दोन महिने लागले. मी त्याला आकडे हवेत मोठे काढायला लावायचो, आख्खा हात फिरवून. एक दिवस तो घरातली उचलीची चिठ्ठी घेऊन आला, घडी पडून मऊ झालेली, आणि बोट ठेवून म्हणाला, "सर, हे ६३ हजार आहे. आई ३६ समजत होती."

मी परत वाचलं. ६३ च होतं.