रेक्टर आणि व्हिकार: प्रवचन तेच, पेंढ्या वेगळ्या

जुन्या इंग्लंडमधल्या कुठल्याही कादंबरीत गावचा पाद्री हमखास भेटतो. एका पुस्तकात तो रेक्टर असतो, दुसऱ्यात व्हिकार. आपण दोन्हीकडे ‘पाद्री’ एवढंच समजून पान उलटतो. फार तर वाटतं की हुद्द्यात उन्नीस-बीस असेल, व्हिकारला बढती मिळाली की तो रेक्टर होत असेल. तसं मुळीच नव्हतं. दीक्षा एकच, रविवारची उपासना एकच, बाप्तिस्मा, लग्न, मयत सगळं सारखंच, आणि दोघांच्या डोक्यावर बिशपही तसाच. प्रवचन ऐकून दोघांतला फरक कोणाला सांगता आला नसता. तो कळायचा सुगीच्या दिवसांत.

गावात जे पिकेल त्याचा दहावा हिस्सा चर्चचा, हा दशमांशाचा कायदा तिथे मध्ययुगापासून चालत आलेला. आपल्याकडे खळ्यावर बलुतेदार हक्काच्या पेंढ्या न्यायला यायचे, तसा तिकडे पाद्र्याचा माणूस शेतात हजर. दर दहावी पेंढी त्याची. यात थोरला आणि धाकटा असे दोन दशमांश होते. थोरल्यात धान्य, सुकं गवत आणि लाकूड. धाकट्यात लोकर, कोकरं, डुकराची पिल्लं, दूध, अंडी, फळं. रेक्टर दोन्ही घ्यायचा. व्हिकारच्या पदरात साधारणपणे फक्त धाकटा पडायचा.

ही वाटणी झाली मठांमुळे. सरदार-जमीनदार पुण्य जोडायला गावचं चर्च एखाद्या मठाला दान करून टाकत. मग मठच त्या गावचा रेक्टर व्हायचा. धान्य मठाच्या कोठारात जाई, आणि गावात उपासना चालवायला मठ आपल्या वतीने एक पाद्री नेमी, तो व्हिकार. त्याला उपाशी ठेवू नका, पोटापुरता वाटा बांधून द्या, असं चर्चच्या १२१५च्या लॅटरन धर्मपरिषदेला मुद्दाम बजावावं लागलं, यावरून आधी काय चालत असेल ते ओळखावं. पुढे आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ मोडले. आता तरी धान्य गावच्या पाद्र्याकडे परत येईल, ही अपेक्षा रास्त होती. पण राजाने ते हक्क विकून पैसा केला. घेणारे बडे जमीनदार. म्हणजे ज्याने आयुष्यात कधी प्रवचन दिलं नाही, असा कोणी घोडेवाला जहागीरदार कायद्याने गावचा रेक्टर, आणि खरा पाद्री मात्र अंडी मोजत बसलेला. मला तर या सगळ्या प्रकरणातली ही सर्वात निर्लज्ज गोष्ट वाटते.

अंडी मोजणं हे काम सोपं नव्हतंच. धान्य शेतात उघड्यावर उभं असतं, ते लपवणार कुठे? पण कोंबडीने किती अंडी घातली, डुकरीण किती व्याली, हे घरात शिरून विचारावं लागायचं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी रोज वाकडेपणा यायचा. अठराव्या शतकात डर्बीच्या कारखान्यात याच विषयावर चिनीमातीची एक बाहुलीजोडणी निघाली होती. दहावं पिल्लू मागायला पाद्री आलाय, शेतकरी डुक्कर धरून उभा आहे, आणि त्याची बायको कडेवरचं मूल पाद्र्यापुढे धरते आहे: डुक्कर हवं तर हे दहावं पोरही घेऊन जा! लोक ती हौसेने विकत घेऊन दिवाणखान्यात मांडत.

रोख रक्कम ठरवून घेतली की हा ताप पुष्कळ कमी व्हायचा. नॉरफकमधल्या वेस्टन लाँगव्हिलचा रेक्टर जेम्स वुडफर्ड याने आपल्या रोजनिशीत दशमांश वसुलीचा दिवस नोंदवून ठेवला आहे. ३ डिसेंबर १७७६ला शेतकरी त्याच्या घरी जमले. भाजलेलं गोमांस, उकडलेली मटणाची तंगडी, हवं तेवढं प्लम पुडिंग, वर दारू आणि गाणी. दिवसाअखेर पाद्रीबुवांच्या हाती २३६ पौंड. त्या काळी एखादा क्युरेट, म्हणजे मदतनीस पाद्री, वर्षाला तीस-चाळीस पौंडांवर राबत असे. जेवणाचा खर्च वसूल झाला म्हणायचा.

क्युरेट हा तिसरा गडी. दशमांशाशी त्याचा संबंधच नाही, तो निव्वळ पगारी. निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट याला लोक सेलबोर्नचा व्हिकार म्हणून मोकळे होतात. व्हिकार त्याचे आजोबा होते. सेलबोर्नला पाद्री नेमण्याचा हक्क ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजचा, आणि व्हाइट ओरिएल कॉलेजचा. त्यामुळे जन्मगावी तो क्युरेटच राहिला.

रेक्टर म्हणजे गब्बर असाही नियम नव्हता. कादंबरीकार जेन ऑस्टिनचे वडील जॉर्ज हे स्टीव्हंटन आणि डीन अशा दोन गावांचे रेक्टर होते, तरी घरी मुलं ठेवून शिकवण्या कराव्या लागायच्या. १८०५मध्ये ते गेले, त्यांच्याबरोबर दशमांशही गेला, आणि बायको-मुलींना जेनच्या भावांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. उत्पन्न पदाचं, माणसाचं नव्हे. या बाबतीत मात्र रेक्टर आणि व्हिकार यांच्या विधवा एकाच नावेत होत्या.

१८३६च्या कायद्याने पेंढ्या-पिल्लं संपली आणि धान्याच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर बेतलेली रोख आकारणी आली. मग १८६८मध्ये ‘कायम क्युरेट’ म्हणवणाऱ्यांनाही, म्हणजे दशमांशाविना ठरीव रकमेवर गावाचं पद कायम सांभाळणाऱ्या पाद्र्यांनाही, व्हिकार म्हणवून घ्यायची मुभा मिळाली. लेखिका ब्राँटे बहिणींचे वडील पॅट्रिक हे हॉवर्थला १८२० ते १८६१ असे कायम क्युरेट होते. त्यांना काही ही पदवी लाभली नाही. आजच्या इंग्लंडमध्ये गावचा पाद्री यांपैकी काय, हे बहुतेक जुन्या परंपरेवरच ठरतं.

पण रेक्टरपणाचं एक शेपूट उरलं. थोरला दशमांश जो खाईल, त्याने चर्चमधला वेदीकडचा भाग दुरुस्त ठेवायचा, असा दंडक होता, आणि दशमांशापोटी मिळालेली जमीन विकली तरी तो तिच्याबरोबर जायचा. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावी १७४३ साली दशमांशाच्या बदल्यात जमीन तोडून दिली होती. विसाव्या शतकात ती एका जोडप्याकडे आली, आणि चर्चने त्यांच्याकडे दुरुस्तीचं लाखभर पौंडांच्या घरातलं बिल मागितलं. ते कोर्टात गेले. २००३मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला: रेक्टर तुम्हीच, पैसे भरा.