काळीतल्या वसाहती : तालुक्याच्या गावात नव्या ले-आउटवर हरकती का येतात

मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावाबाहेर दहा-पंधरा एकरांवर गृहप्रकल्पाचा, म्हणजे प्लॉट पाडलेल्या ले-आउटचा, फलक लागला की गावात आधी पाण्याची चर्चा सुरू होते. नळ कुठून येणार, ओढा बुजवणार का, शेताकडे जाणारी पाणंद राहणार का, जमीन इनामी तर नाही ना? अशा हरकती घेणाऱ्यांना विकासाच्या आड येणारे म्हटलं जातं. ते मला पटत नाही. यातल्या प्रत्येक प्रश्नामागे या भागाने भोगलेलं काहीतरी आहे.

जुनं गाव पांढरीवर वसलेलं असायचं. चढाची जागा, पाणी उतरून जाणारी. शेती काळ्या मातीच्या रानात, म्हणजे काळीत. भर पावसात काळी फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाणी खाली मुरू द्यायला फार वेळ घेते. त्यामुळे अशा जमिनीत पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागतो आणि शोषखड्डे तुंबतात. गावठाणात जागा उरली नाही, तशी गेल्या चार-पाच दशकांत वस्ती काळीत उतरली. सांडपाणी साहजिकच उताराने ओढ्याला लागलं. ज्यांची घरं ओढ्याकाठी आहेत ते नव्या ले-आउटचा नकाशा मागतात तो यासाठी.

जमिनीच्या कागदाची भीतीही अशीच जुनी आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मदद माश (निर्वाहासाठी दिलेली), खिदमत माश (सेवेसाठी दिलेली) अशा इनामांच्या जमिनी जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहेत. १९५४ च्या कायद्याने बरीच इनामं खालसा झाली, तरी अनेक जमिनी भोगवटादार वर्ग २ म्हणून राहिल्या. सरकारी परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. देवस्थानाच्या, दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनींचे वाद आजही चालू आहेत. म्हणून इथला जाणता माणूस प्लॉट घेण्याआधी सातबाराबरोबर १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रकही, म्हणजे त्या वर्षीची जमिनीची जुनी नोंदही, काढून बघतो.

त्यात गुंठेवारीची भर पडली. शेताचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून बाँडवर (नुसत्या स्टॅम्प पेपरवर) विकले गेले. शेतीचे छोटे तुकडे विकायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे खरेदीखत होत नव्हतं, एन.ए. (बिगरशेती परवानगी) नव्हतं, रस्ता कागदावर नव्हता. घेणारे बहुतेक शिक्षक, शिपाई, ऊसतोड करून चार पैसे साठवलेले मजूर. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, त्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंतच्या बांधकामांसाठी. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली गेली. शुल्क मात्र घर बांधून बसलेल्यांनीच भरायचं. जमीन तोडून विकणारा तोवर पुढच्या शेताकडे वळलेला असतो.

किल्लारीचा अनुभव तर या सगळ्यांहून मोठा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५० हून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली. घरं भक्कम मिळाली, रस्ते रुंद झाले. पण भाऊबंदांची घरं लांब लांब पडली, शेताचं अंतर वाढलं, गुरं बांधायला आणि वैरण ठेवायला आधीसारखी जागा उरली नाही. संकट इतकं मोठं होतं की घाई समजण्यासारखी होती. तरी राहणाऱ्याला न विचारता आखलेली वसाहत पुढच्या पिढीलाही सोसावी लागते, हे या पट्ट्याने तेव्हा पाहिलं.

पाण्याबद्दल फार सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि ते जिल्ह्याचं शहर होतं. छोट्या गावांत उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांआड नळ येणं नेहमीचं झालं आहे. योजना जुनी, टाकी तीच, आणि त्यावर नवी दोन-तीनशे घरं. विकणारा सांगतो, बोअर घेऊ. बेसॉल्टच्या या खडकात पाणी भेगांमधून मिळतं, त्यामुळे एकाने खोल बोअर घेतला की शेजारच्याची विहीर आटू शकते.

मग हरकत घ्यायची कुठे? बदनापूर, मंठा, जळकोट, लोहारा अशा तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या त्या गेल्या दहा-बारा वर्षांत. नगररचनेचं पुरेसं मनुष्यबळ बहुतेक ठिकाणी नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यात प्रारूप विकास योजनेवर हरकतींसाठी ३० दिवस मिळतात आणि शेती विभागातली जमीन निवासी करतानाही सूचना काढावी लागते. पण योजनेत जमीन एकदा पिवळी, म्हणजे निवासी, झाली की एखाद्या ले-आउटला मंजुरी देताना शेजाऱ्यांना विचारण्याची तरतूद नाही. फलक लागल्यावर जागे झालेले लोक उशिरा आलेले ठरतात, आणि ती सूचना प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांच्यापैकी कितीजणांपर्यंत पोहोचली हे कुणी विचारत नाही.

म्हणून आज रहिवासी जे मागतात ते अगदी ठोस आहे. मंजुरीआधी पाण्याचा स्रोत लेखी दाखवा. ओढ्याची आणि पाणंदीची मोजणी करून खुणा रोवा. नियमाने सोडायची १० टक्के मोकळी जागा ओढ्याच्या खड्ड्यात न दाखवता मुलांना खेळता येईल अशा ठिकाणी ठेवा. गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेरा या सरकारी प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक मिळाल्याशिवाय एकाही प्लॉटची इसार रक्कम घेऊ नका.