‘बाबा गावाला गेलेत’

कोविडच्या दुसऱ्या लाटेत कितीतरी घरांत लहान मुलांना हेच सांगितलं गेलं. हेतू चांगलाच, एवढ्याशा जिवाला सांगायचं तरी कसं? पण मरण कायमचं असतं, हे चार वर्षांच्या मुलाला उमगलेलं नसतं. गावाला गेलेला माणूस परत येतो, म्हणून फाटक वाजलं की ते धावतं. ‘झोपलेत’ म्हटलं, तर रात्री डोळे मिटायला घाबरतं. त्यातून या वयात सगळं आपल्यामुळेच घडतं असं वाटतं. ‘मी हट्ट केला म्हणून बाबा गेले’ हे ते कुणाला बोलून दाखवत नाही. तेव्हा सरळ सांगावं: बाबा वारले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही. जड जातं ते आपल्यालाच.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की मार्च २०२० ते एप्रिल २०२१ दरम्यान जगभरात ११ लाखांहून जास्त मुलांनी आई, वडील किंवा सांभाळणारे आजी-आजोबा गमावले. आपल्याकडची दुसरी लाट तेव्हा ओसरलीही नव्हती.

धास्तावलेल्या मेंदूत धोक्याची सूचना देणारा अमिग्डाला हा भाग शांत होत नाही, कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचं चक्र बिघडतं. मग पोट दुखतं, सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओलं होतं. तो हट्टीपणा नव्हे. विश्वासाचं माणूस जवळ असलं की हा ताण उतरतो, हे मोजून पाहिलेलं आहे. जेवायची, झोपायची वेळ ठरलेली असणं, हेही औषधच.

मूल रडतं आणि पाच मिनिटांत खेळायला पळतं. ‘विसरला बघा,’ म्हणणाऱ्या पाहुण्यांचं ऐकू नये. मुलांचं दुःख असंच हप्त्याहप्त्यानं येतं. खेळातही येतं. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या चाउचिला इथे शाळेच्या बसमधून २६ मुलांचं अपहरण झालं. सुटका झाल्यावर ती तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळताना मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांना दिसली. आपल्याकडे बाहुलीला रुमालात गुंडाळून ‘ऑक्सिजन संपला’ म्हणणाऱ्या पोरीला ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणून गप्प करतात. त्यापेक्षा शेजारी बसून ‘बाहुलीला आता काय हवंय?’ असं विचारावं. महिनोन्‌महिने तोच खेळ चालला आणि त्यानं मूल हलकं होत नसेल, झोप-जेवण उडालं असेल, तर मात्र तज्ज्ञ गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे आईनं आधी स्वतःबद्दल बोललं तरी चालतं. बऱ्याचदा तेच आधी लागतं.